सिस्टिम अडवते, म्हणून माणसं वळसा घालतात

वाचकाचं पत्र :

"सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आमचा नमकीनचा कारखाना आहे. सासऱ्यांनी उभा केला, आता नवरा आणि मी बघतो. ऑफिस माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी ऑर्डर, गोदाम, मंजुरी, बिल, वसुली असं सगळं काम एका सॉफ्टवेअर व्हेंडरकडून ऑटोमॅटिक करून घेतलं. सुरुवातीला फार सुटल्यासारखं वाटलं. मग दिवाळीच्या तोंडावर सियागंजच्या एका जुन्या व्यापाऱ्याची ऑर्डर उधारीची मर्यादा ओलांडते म्हणून सिस्टिमने रोखली. नवरा भोपाळला, फोन लागेना. मुनीमजींनी बिल न करता कच्च्या पर्चीवर, म्हणजे साध्या चिठ्ठीवर, माल सोडला. तेव्हापासून तीच सवय पडली. निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, माल पर्चीवर जातो आणि रात्री मी सगळं सिस्टिममध्ये भरत बसते. जीएसटीचा दर बदलला तेव्हा व्हेंडरने पैसेही घेतले आणि दिवसही घालवले. मुनीमजी ऐकत नाहीत. सासरे म्हणतात, वहीच बरी होती. नवरा म्हणतो, हे टाकून एआयवालं नवं घेऊ. मला दोन्ही पटत नाही. काय करावं?"
— एक वाचक, इंदूर

ताई,

आधी मुनीमजींबद्दल बोलते, कारण पत्रातला तुमचा सगळा राग त्यांच्यावर आहे. त्या दिवशी त्यांना जे ठाऊक होतं ते सिस्टिमला ठाऊक नव्हतं. हा व्यापारी दर दिवाळीला नेहमीपेक्षा बराच जास्त माल उचलतो, सण संपला की हिशोब चुकता करतो, आणि त्या दोन दिवसांत माल मिळाला नाही तर दुसऱ्या कारखान्याकडे जातो, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवातून कळलेलं. सिस्टिमकडे त्याच्या नावापुढे एक आकडा होता आणि आकडा ओलांडला की थांबायचं, एवढाच हुकूम. मुनीमजींना आपली माहिती तिला सांगायला कुठे जागाच नव्हती. म्हणून ते वळसा घालून गेले. त्यांच्या जागी तुम्ही असता तरी हेच केलं असतंत, असं मला वाटतं.

तरीही पर्ची उद्यापासून बंद करा. यावर मी अजिबात नमतं घेणार नाही. माल आवाराबाहेर पडण्याआधी किंवा पडताना बिल तयार असलं पाहिजे, असं जीएसटी कायदा सांगतो. रात्री भरलेलं बिल त्या अटीत बसत नाही. ज्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा ऑनलाइन परवाना, लागतं तो त्याशिवाय रस्त्यात पकडला गेला, तर गाडी अडते आणि माल सोडवायला मालकाला कराच्या दुप्पट दंड भरावा लागू शकतो. शिवाय गोदामातला खरा साठा आणि स्क्रीनवरचा साठा दिवसभर जुळत नसेल, तर दुपारी तुम्ही कुणाला "माल आहे" म्हणता तो असेलच याचा भरवसा राहत नाही. सिस्टिम सुधारेपर्यंत तात्पुरता उपाय करा. मर्यादेबाहेरची ऑर्डर मंजूर करायचा अधिकार मुनीमजींना त्यांच्या स्वतःच्या लॉगिनवर द्या आणि कारण लिहिणं सक्तीचं करा. हे बहुतेक सॉफ्टवेअरांत आजच्या आज करता येतं, त्याला नवा कोड लागत नाही.

आता मूळ दुखणं. तुमच्या कामात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. ऑर्डर आली, साठा पाहिला, मंजुरी झाली, बिल केलं, माल भरला, पैसे आले, हा क्रम तुमच्या सासऱ्यांच्या काळीही हाच होता आणि पुढेही हाच राहील. दुसऱ्या प्रकारात येतात कराचा दर, उधारीची मर्यादा, कोणाला किती सूट, कोणी मंजुरी द्यायची, कोणत्या भागात कोणत्या दिवशी गाडी जाते. हे सारखं बदलतं. तुमच्या व्हेंडरने दोन्ही एकाच कोडमध्ये मिसळून टाकलेलं दिसतंय. म्हणून एक आकडा बदलायचा तरी त्यालाच बोलवावं लागतं.

नमकीनचंच बघा. फुगवून तयार होणाऱ्या कुरकुरीत पदार्थांवरचा कर ऑक्टोबर २०२४ मध्ये १८ टक्क्यांवरून १२ वर आला. वर्ष होतं न होतं तोच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सीलबंद आणि लेबल लावलेलं नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, तेही नवरात्राच्या पहिल्याच दिवशी. म्हणजे तुमच्या वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या हंगामात. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची, गोष्ट याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांनाच सक्तीचा होता. मग १००, ५०, २०, १० असं करत करत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर येऊन पोचला. तीन वर्षंही लागली नाहीत. ज्यांनी असा आकडा कोडमध्ये पक्का बसवला त्यांना दर वेळी व्हेंडरची वाट पाहावी लागली असणार. ज्यांनी तो सेटिंगमध्ये ठेवला त्यांनी तो टाइप केला आणि पुढच्या कामाला लागले.

तेव्हा व्हेंडरकडे पहिली मागणी ही करा : बदलणारे सगळे निर्णय कोडमधून काढून तक्त्यांमध्ये आणा, आणि ते तक्ते आमच्या ऑफिसातून बदलता आले पाहिजेत. ही काही तुमच्या डोक्यातून निघालेली हौस नव्हे, हे त्याला सांगा. कामाचा क्रम चित्रात मांडायची बीपीएमएन नावाची पद्धत आहे, तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. निर्णयांचे तक्ते त्या चित्राबाहेर, स्वतंत्र ठेवायची डीएमएन ही पद्धत २०१५ मध्ये आली. दोन्ही एकाच संस्थेने प्रसिद्ध केल्या आणि दोन्ही एकमेकींशी जोडून वापरायच्या असतात. व्हेंडरला ही नावं ऐकूनही माहीत नसतील, तर त्यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल बरंच कळेल.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत" या तारखा हव्यातच. इथे फार लोक फसतात. दर बदलला की जुना खोडून नवा लिहितात. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला १२ टक्क्यांनी विकलेला माल दिवाळीनंतर परत येतो. मूळ बिलावर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, करायची तर ती १२ टक्क्यांचीच व्हायला हवी, आणि सिस्टिम ५ टक्क्यांची करून देते. तारखा असतील तर मूळ बिलाच्या दिवशीचा दर ती आपोआप उचलते. दुसराही फायदा आहे. पुढच्या महिन्यात लागू होणारा बदल तुम्ही आज निवांतपणे भरून ठेवू शकता, त्या रात्री जागत बसावं लागत नाही.

उधारीचा तक्ता मुनीमजींना समोर बसवून करा. त्यांच्या डोक्यात तो आधीपासून आहे, कागदावर आलेला नाही एवढंच. त्यांना नियम विचारू नका. नियम विचारला की माणूस आदर्श उत्तर देतो. मागच्या दिवाळीतल्या ऑर्डरी एकेक करून समोर ठेवा आणि विचारा, "ही का सोडलीत? ही का नाही सोडलीत?" उत्तरांतून ओळी आपोआप पडतील. समजा अशी एक ओळ निघाली : गिऱ्हाईक पाच वर्षांहून जुनं, मागच्या दोन दिवाळ्यांची वसुली वेळेवर, नवरात्र ते धनत्रयोदशी हा काळ, तर मर्यादेच्या दीडपटीपर्यंत ऑर्डर न विचारता सोडायची. दीडपट ते दुप्पट मुनीमजींना विचारायचं. त्याच्या पुढे मालकांना. एवढी एक ओळ असती तर तो सियागंजवाला अडलाच नसता आणि तुमच्या नवऱ्याला फोनही लागायची गरज पडली नसती.

तक्ता कोण बदलू शकेल तेही ठरवा. बदल एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. दोघांची नावं आणि वेळ नोंदली गेली पाहिजेत. एका माणसाच्या हाती सगळं दिलंत तर सूट आणि उधारी कुठे गळतेय हे कळायला तुम्हाला वर्ष लागेल.

पण कितीही चांगला तक्ता केलात तरी त्यात न बसणारी ऑर्डर येणारच. तेव्हा सिस्टिमने काय करावं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी एक जुनं यंत्र आठवते. इंदूरची जी घरं मालवा मिल, हुकुमचंद मिल या कापडगिरण्यांच्या भोंग्यावर वाढली त्यांना ते लगेच कळेल. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग पूर्ण केला. धागा तुटला की तो माग आपला आपण थांबायचा. साधा माग धागा तुटला तरी चालत राहून खराब कापड विणायचा, म्हणून कामगाराला सतत मागाकडे डोळे लावून उभं राहावं लागे. या मागाने अडचण दिसताच थांबून माणसाला बोलावलं, त्यामुळे एक कामगार कितीतरी माग सांभाळू लागला. पुढे मोटारी बनवताना टोयोटाने हाच विचार कारखानाभर वापरला.

तुमची सिस्टिम अर्धंच काम करते. ती थांबते, पण कुणाला बोलावत नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं येतात आणि ऑर्डर तिथेच पडून राहते. थांबण्याच्या प्रत्येक जागी चार गोष्टी लिहायला लावा. कोणाला कळवायचं. किती वेळात उत्तर हवं. उत्तर आलं नाही तर पुढचा माणूस कोण. आणि तोही मिळाला नाही तर ऑर्डर कोणत्या अवस्थेत ठेवायची. सणाच्या दिवसांत मंजुरीला मी अर्ध्या तासाहून जास्त वेळ देणार नाही, मग ती आपोआप तुमच्याकडे यावी. एरवी संध्याकाळपर्यंत थांबलं तरी चालेल. हे कालावधीसुद्धा तक्त्यातच ठेवा.

आणि अपवाद मंजूर करताना कारण विचारा, पण आठ-दहा पर्याय देऊन. नुसती मोकळी जागा ठेवलीत तर सगळे "अर्जंट" लिहितील. "जुनं गिऱ्हाईक, सणाची ऑर्डर", "चेक मिळाला, बँकेत जमा व्हायचाय", "मागचा माल परत आला, नोंद बाकी", "भाव तोंडी ठरला होता", असे तुमच्या गादीवर रोज ऐकू येणारे शब्द पर्यायांत घाला.

पर्याय कोणते ठेवायचे हे कळायला सासऱ्यांच्या वहीचा उपयोग करा. त्यांना म्हणा, "बाबा, वही काढा." चार आठवडे एक वही गादीवर राहू दे. सिस्टिमने अडवलेली किंवा कुणी वळसा घालून नेलेली प्रत्येक ऑर्डर त्यात लिहायची : तारीख, ऑर्डर, कुठे अडली, काय केलं, का केलं. हे काम सासऱ्यांकडेच द्या. त्यांच्या हाताखाली लोक खोटं लिहीत नाहीत, शिवाय कोणता अपवाद रास्त आणि कोणता नुसता आळस हे त्यांना बघताक्षणी कळेल. एक अट मात्र पाळाच. त्या चार आठवड्यांत वहीतल्या नोंदीवरून कुणालाही बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी एखाद्याला रागावलात तर दुसऱ्या दिवशीपासून वही कोरी राहील.

महिन्याने वही उघडलीत की बहुतेक अडथळे दोन-चार कारणांतच अडकलेले दिसतील. वारंवार येणारं कारण तक्त्यात नवी ओळ म्हणून जाईल. क्वचित येणारं तसंच माणसाच्या मंजुरीवर राहू द्या. प्रत्येक अपवादासाठी नियम करायच्या भरीस पडू नका. वर्षातून एकदा येणाऱ्या ऑर्डरीसाठी लिहिलेला नियम पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहत नाही आणि भलत्याच ऑर्डरीला जाऊन लागतो. पुढे दर तिमाहीला असंच बसत जा. सिस्टिममधून कोणती ऑर्डर कोणत्या पायरीवर किती वेळ थांबली, एवढं एक्सेलमध्ये काढून घेतलंत तरी पुरतं.

आता काय वाकवायचं नाही ते सांगते. बॅच नंबर आणि मुदत. मुदत संपलेला माल कुणाच्याही मंजुरीने बाहेर पडता कामा नये, त्याला अपवादाचं बटणच नको. पाकिटात काही निघालं तर त्या बॅचचा माल कोणाकोणाकडे गेलाय हे लगेच सांगता आलं पाहिजे. दुसरं, ई-इनव्हॉइस तुम्हाला लागू असेल तर तो एकदा नोंदला गेला की त्यात दुरुस्ती होत नाही. पोर्टलवर फक्त रद्द करता येतो, तोही २४ तासांच्या आत. म्हणून भाव, सूट, मंजुरी, पत्ता यांबद्दलची सगळी घासाघीस त्या पायरीच्या आधी संपली पाहिजे. कामाच्या चित्रात ती पायरी शोधा आणि तिथे जाड रेघ मारा. त्या रेघेच्या अलीकडे हवं तेवढं मोकळं ठेवा, पलीकडे काहीही सैल नको. तुमच्याकडे बहुधा नेमकं उलटं झालंय. ऑर्डर घेताना सिस्टिम कडक आहे, आणि बिलात हवं तेव्हा फेरफार करता येतो.

बदल सिस्टिममध्ये टाकण्याआधी मागच्या दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरी नव्या तक्त्यातून काढून बघा. खऱ्या बिलांना हात न लावता, वेगळ्या चाचणीच्या जागी. कोणत्या सुटल्या असत्या, कोणत्या अडल्या असत्या याची यादी घ्या आणि अडलेल्यांवर मुनीमजींना बोट ठेवायला सांगा. या एका संध्याकाळच्या कामावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. आणि नियम बदलताना अर्ध्या वाटेवर असलेल्या ऑर्डरींचं काय, तेही व्हेंडरकडून लिहून घ्या. सकाळी जुनी सूट धरून मंजूर झालेली ऑर्डर दुपारी नव्या नियमाने परत अडू नये. तिने जुन्याच नियमाने शेवटपर्यंत जावं. फक्त कर कायद्याप्रमाणे लागेल, तिथे तुमच्या सोयीचा प्रश्न येत नाही.

नवऱ्याच्या एआयबद्दल. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तुमच्या निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, कुणी मराठीत लिहितं, कुणी हिंदीत, कुणी बोलून पाठवतं : "लौंग सेव दस पेटी, पिछली बार वाला भाव." असा मेसेज वाचून किंवा ऐकून ऑर्डरचा कच्चा फॉर्म भरणं हे काम आजची एआय साधनं चांगलं करतात, आणि तुमची रात्रीची मेहनत तिथे खरोखर वाचेल. पण तो फॉर्म माणसाने एकदा बघून पुढे सरकवावा. "पिछली बार वाला भाव" म्हणजे कोणता, यावर गिऱ्हाईकाशी नातं तुटू शकतं. उधारी द्यायची की नाही हा निर्णय मात्र मी एआयकडे सोपवणार नाही. गिऱ्हाईकाने "का नाही?" विचारलं तर मुनीमजींकडे आणि तक्त्याकडे उत्तर असतं. नवं यंत्र "शिकत जातं" असं जे सांगतात ते तुमच्या जुन्या नोंदींवरून शिकतं. त्या नोंदी तुम्ही रात्री घाईघाईत भरलेल्या आहेत, आणि दिवसा खरं काय घडलं हे त्यांत नाहीच. आधी नोंदी खऱ्या होऊ द्या. मग वर्षभराने नवऱ्याशी यावर पुन्हा बोला.

इंदूरचं कॅलेंडरही तक्त्यात घाला. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कधीच नसतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या भागात गाडी जात नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, असतात. त्या दिवसांच्या डिलिव्हऱ्या सिस्टिमने आदल्या दिवशी उचलल्या पाहिजेत, आणि तसा मेसेज गिऱ्हाईकाला आपोआप गेला पाहिजे. पुढे २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. नमकीनला त्या महिन्यांत मागणी किती वाढेल आणि रस्ते कधी बंद राहतील हे आज कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. तरी "उज्जैन मार्ग" या नावाची ओळ आजच करून ठेवा, म्हणजे बंदीच्या तारखा जाहीर झाल्या की तुम्ही स्वतः भराल.

राहिला व्हेंडर. त्याच्याशी भांडू नका, पण करार पुन्हा वाचा. तक्ते काढून द्यायचं काम एकदाच करायचं आहे, त्याचे एकरकमी पैसे द्या. त्यानंतर आकडा बदलायला पैसे पडणार नाहीत, हे लिहून घ्या. कामाचा क्रमच बदलायचा असेल तर त्याचे वेगळे पैसे, हे रास्त आहे. तुमचा सगळा डेटा, म्हणजे गिऱ्हाईकं, बिलं, तक्ते आणि मंजुरीचा इतिहास, केव्हाही एक्सेलमध्ये काढता येईल अशी अटही घाला. पैसे द्यायच्या आधी एकदा खरोखर काढून बघा आणि ती फाइल मुनीमजींना तपासायला द्या. तो याला नकार देत असेल, तर मात्र नवरा म्हणतो तसं दुसरं सॉफ्टवेअर बघायला लागा. तोपर्यंत वही भरलेली असेल. नव्या व्हेंडरच्या डेमोला जाताना ती बरोबर न्या आणि त्याला वहीतल्याच पहिल्या दहा ऑर्डरी तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा.